न्यायला आलेली आई

जून लागला की पाटणच्या बाजूचे फणस साताऱ्यात येतात. पोवई नाक्यावरून घरी येताना रस्त्याकडेला टेम्पो उभा असतो. त्यात एकमेकांवर रेललेले काटेरी फणस, आणि त्यांतला एखादा पिकून उललेला. लोक थांबतात, हुंगतात, भाव करतात, पुढं जातात. मी घेत नाही. एकटीला एवढा फणस काय करायचाय! पण तो जड, गोड, जरासा उग्र वास नाकात शिरला की पाय तिथंच रेंगाळतात. साताऱ्याचा रस्ता पुसट होत जातो आणि मी जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत उभी असते. समोर ड्युरियन, म्हणजे तिकडचं फणसासारखं काटेरी फळ, विकणारा गाडीवाला, शेजारी कमरेला पदर खोचून आई, आणि आईच्या चेहऱ्यावर "बघू तरी काय असतं" असा भाव.

जॉर्ज टाउन हे मलेशियातल्या पेनांग बेटावरचं जुनं बंदर. इंग्रजांनी वसवलेलं. नंतर चिनी आले, तमिळ आले, मलय तर तिथलेच. आता इंग्रज नाहीत, पण त्यांचा किल्ला आहे, घड्याळाचा मनोरा आहे, पांढऱ्या खांबांच्या कचेऱ्या आहेत. बाकी गाव दुकानघरांचं. खाली दुकान, वर घर. समोरून इतकं अरुंद की दोन बैलगाड्या शेजारी मावणार नाहीत, आणि आत शिरलं तर संपता संपत नाही. मधोमध आभाळाला उघडा चौक. पाऊस थेट घरात पडतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. दारापुढून छपराची पायवाट जाते, एका घराच्या दारातून दुसऱ्याच्या दारात. उन्हाचा चटका बसला की सगळं गाव त्या सावलीतून चालतं.

अशाच एका घराच्या माडीवर मी भाड्यानं राहत होते. खाली लिम आंटीचं वेताच्या टोपल्यांचं दुकान. आंटी सत्तरीच्या पुढच्या, चिनी, नवरा कधीच वारलेला. सकाळी फळ्या सरकवून दुकान उघडायच्या आणि खुर्ची टाकून बसायच्या. गिऱ्हाईक आलं तर आलं.

मी तिथं का गेले, हे आमच्या गावी, रहिमतपुरात सगळ्यांना ठाऊक होतं. निदान तसं ते म्हणायचे. घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं. मी पुण्याच्या कंपनीत मोबाईलच्या ॲपमधल्या चुका शोधायचं काम करते. लॅपटॉप उघडेल तिथं ऑफिस. आधी वाटलं, गावाकडं राहूनच करावं. आईच्या हातचं खावं, उसाच्या कडेनं फिरावं. पण रोज कुणीतरी यायचं. चहा व्हायचा, इकडचं तिकडचं व्हायचं, आणि निघताना माझ्याकडं बघून एक सुस्कारा टाकला जायचा. मला झोप येईनाशी झाली. रात्रभर पत्र्यावर मांजर चाललेलं ऐकत पडायचे. मग एका सकाळी मी जॉर्ज टाउनचं तिकीट काढलं. तेच गाव का, असं पुष्कळांनी विचारलं. तिथं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, एवढंच कारण.

आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. घरात त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. मी जाताना ते पाठ फिरवून उसाला पाणी सोडायला निघून गेले. सात-आठ महिन्यांनी मात्र त्यांनी कराडकडचं एक स्थळ बघितलं आणि आईला कामगिरीवर धाडलं. महिनाभर राहायचं, पोरीची समजूत घालायची आणि दोघींनी मिळून परत यायचं. भावानं आईला मुंबईला विमानात बसवून दिलं. मी क्वालालंपूरला घ्यायला गेले. विमानतळाच्या चाकाच्या खुर्चीत बसवून आणलेली आई, मांडीवर पिशवी, पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी हिरव्या बांगड्या. मला बघितल्याबरोबर ती खुर्चीतून उठली आणि खुर्ची ढकलणाऱ्या मुलीला म्हणाली, "बस झालं बाई. चालता येतं मला."

पहिल्याच दिवशी तिनं कामगिरी उरकायला घेतली.

"मने, आप्पांनी एक जागा बघितलीया. माणूस चांगला हाय म्हणं."

"आई, आत्ताच आलीस. च्या तरी पी."

"च्या पिते की. पर बोलावं तर लागंल न्हवं?"

"बोलू. महिना आहे."

"व्हय, महिना हाय," आई म्हणाली, आणि चौकातून दिसणाऱ्या आभाळाकडं बघत राहिली. "आगं, ह्या घराला वर छप्परच न्हाई की!"

तिथलं घड्याळ आपल्यापुढं. पुण्याचं ऑफिस सुरू होईपर्यंत आमच्याकडं दुपार झालेली असायची. त्यामुळं सकाळ आम्हा दोघींची. आम्ही छपराच्या पायवाटेनं चालत निघायचो. कुठं कॉफी भाजल्याचा वास, कुठं उदबत्तीचा, कुठं तळणाचा. तमिळ लोकांच्या गल्लीत आईचा जीव रमायचा. मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं, देवळातली घंटा. तिथली फुलवाली आईला "अम्मा" म्हणायची. आई तिच्याशी मराठीत बोलायची, ती तमिळमध्ये, आणि गजरा हातभर जास्त यायचा.

लिम आंटींचं आणि आईचं असंच जमलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आंटी मलय बोलायच्या, आई कवठे महांकाळचं बोलायची. आईचं माहेर तिकडचं, दुष्काळी. लहानपणी पाण्यासाठी मैलभर चालणारी ती पोर. एकदा आंटींनी ड्युरियन आणला. दुकानाच्या दारातच फोडला, पिवळा गर आईच्या हातावर ठेवला. आईनं नाक मुरडलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. मग दुसरा घेतला. मग तिसरा.

"आत फणसावानी हाय," ती मला म्हणाली, "वास तेवढा सडक्या कांद्याचा."

आंटी हसत विचारत होत्या, "सुका? सुका?" मलय भाषेत त्याचा अर्थ आवडलं का. आईला वाटलं, माहेराबद्दल विचारताहेत.

"व्हय बाई," आई मान हलवत म्हणाली, "लय सुकं. पाऊसच न्हाई तिकडं. आमी वळचणीचं पाणी भरून ठिवायचो."

आंटींनी खूश होऊन अख्खा ड्युरियन तिच्यापुढं सरकवला. मी मधे पडून अर्थ सांगणार होते, पण नाही सांगितला. चाललंय ते बरंच चाललंय, असं वाटलं. त्या मोसमात मग रोज संध्याकाळी आईला कुणीतरी "सुका?" विचारायचं आणि ती दुष्काळाची एकेक गोष्ट सांगत ड्युरियन खायची.

आंटींची कढई उलटी करून तिच्या पाठीवर आई भाकरी करायची. खालून धग, वर भाकरी, टम्म फुगायची. आंटी चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहायच्या. मी वर टेबलाशी बसून पडद्यावरच्या चुका शोधायचे आणि खालून त्या दोघींचं हसू यायचं. पाऊस आला की चौकात पाणी कोसळायचं आणि दोघी काठाशी खुर्च्या टाकून ते बघत बसायच्या. आजही काम करताना एकदम शांतता पडली की माझे कान त्या खालच्या हसण्याचा कानोसा घेतात.

आप्पांचा फोन रोज. पडद्यावर त्यांची मिशी आणि मागं गोठा. एकदा आम्ही इंग्रजांच्या किल्ल्यात होतो.

"तोफ हाय का तिथं?" आप्पांनी विचारलं.

"हाय की. लय मोठी."

"तोंड कुणीकडं हाय?"

आईनं फोन वळवून दाखवला. "समिंदराकडं."

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "आन तिचं काय?"

तिचं म्हणजे माझं. आई म्हणाली, "बोलतीया." आणि फोन ठेवला. खरं तर पहिल्या दिवसानंतर ती त्या विषयावर बोललीच नव्हती.

गावात इंग्रजांचं जुनं कब्रस्तान आहे. चाफ्याची प्रचंड झाडं आणि त्यांच्या मुळांनी तिरपे केलेले दगड. आईला चाफा दिसला म्हणून ती आत शिरली. दगडावरचं मला वाचायला लावायची. एकाखाली कुणी कप्तान, एकाखाली व्यापारी. मग एक लहान दगड आला. कुणा अधिकाऱ्याची बायको, विशीतली, आणि तिच्याबरोबर तिचं तान्हं.

"एवढीशी पोर," आई म्हणाली. "एवढ्या लांब कशाला आलती?"

"नवऱ्याची नोकरी इथं होती."

"म्हंजे आणली व्हती." खाली पडलेलं चाफ्याचं फूल उचलून तिनं त्या दगडावर ठेवलं. "तिला कुणी इचारलं असंल का गं, येतीस का म्हणून?"

आम्ही चालत घरी आलो. वाटेत ती फुलवालीपाशीही थांबली नाही. मला तेव्हा वाटलं, ऊन लागलं असेल.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच ती हरवली.

पुण्याच्या ऑफिसची मोठी मीटिंग चालू होती. आमच्या टीममधल्या काहींना काढणार अशी कुजबुज होती, म्हणून मी फोन बंद करून, एका कानात इयरफोन लावून, एक शब्द चुकवायचा नाही अशी बसले होते. मधेच जाणवलं की खालून काही आवाज येत नाहीय. मीटिंग लांबत गेली. माझं लक्ष उडालं. शेवटी मी इयरफोन काढून ठेवला आणि खाली आले. आंटी एकट्याच खुर्चीत बसलेल्या. मी आईबद्दल विचारलं तर त्यांनी समुद्राच्या दिशेनं हात केला आणि हसल्या.

मी चपला घालून पळत सुटले. आईला तिथली भाषा येत नव्हती. फोन ती माडीवरच ठेवून गेली होती. पत्ता सांगता आला नसता. देवळात बघितलं, नव्हती. किल्ल्यात नव्हती. कब्रस्तानात गेले, चाफ्याखाली कुणी नव्हतं. आईच्या लुगड्यासारखा रंग दिसला की काळीज उडायचं आणि जवळ गेल्यावर दुसरंच कुणी असायचं. तमिळ गल्लीत फुलवाली गजरे ओवत होती. मी धापा टाकत विचारलं, तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अम्मा? फेरी. फेरी."

बेटावरून समोरच्या मुख्य जमिनीवर माणसांची बोट जाते. मी धक्क्यावर पोचले तेव्हा एक बोट लागत होती. फळी पडली, माणसं उतरू लागली. कामावरून परतणारी, पाठीवर दप्तरं घेतलेली. आणि त्यांच्यात, वाऱ्यानं विस्कटलेले केस, कमरेला खोचलेला पदर, आई. घाईत नव्हती. एका लहान मुलीला कडेवर घेतलेल्या बाईला वाट देत ती निवांत उतरली.

मी तिला दंडाला धरलं. ओरडलेच. "कुठं होतीस? सांगून जायचं नाही का?"

"सांगून गेलते की म्हातारीला."

"कुठल्या भाषेत?"

"आपल्या." ती माझ्याकडं बघायला लागली. "आगं, रडतीस कशाला? मी बोटीत बसलते. तिकडं गेले, आले. परत गेले, परत आले. बसायला जागा हाय, वारा हाय, समदं पाणीच पाणी. कुणी उठ म्हणत न्हाई."

धक्क्याच्या कठड्याशी आम्ही दोघी टेकलो. ऊन अजून होतं, पण तिरपं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, शाळेतून आल्यावर पुसायची तसं.

"मने," ती म्हणाली, "कवठ्यावरनं रहिमतपूरला मला दादांनी आणून सोडलं. दवाखान्यात न्यायला तुझी आत्या. देवाला न्यायला चुलत्यांची गाडी. तुझे आप्पा काश्मीरला, आसामला, कुठं कुठं गेले, मी फाटकापतुर. हितं बी मी आले ते त्यांनी धाडलं म्हणून. आज कुणी नेलं न्हाई का धाडलं न्हाई. माझी मी गेले. लोकं चढली, मी बी चढले."

"पण मला किती भीती वाटली!"

"वाटणारच की. तू गेलीस तवा आमाला बी तसंच झालतं. तुझे आप्पा जेवले न्हवते. आमाला वाटलं, पोरगी गेली, आता हाताला लागत न्हाई." ती पाण्याकडं बघत होती. "पर तू काय हरवली न्हवतीस. मी बी हरवले न्हवते."

परतीच्या वाटेवर तिनं मला हात धरू दिला, पण पुढं तीच चालत होती. कुठं वळायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

मीटिंगमधून मी उठून गेले याबद्दल साहेबांनी दुसऱ्या दिवशी दोन शब्द सुनावले. नोकरी राहिली. त्या दिवशी नोकरी गेली असती तरी चाललं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र जीव भांड्यात पडला होता.

आईचा महिना संपत आला. ड्युरियनही संपत आले होते. गाड्यांवर आता उरलेसुरले, लहान. एका सकाळी आप्पांचा फोन आला. मी चहा गाळत होते. आईनं फोन समोर, डब्याला टेकवून ठेवला.

"मग? कवा निघताय दोघी?" आप्पांनी विचारलं.

"मी निघतीया," आई म्हणाली. "ती न्हाई."

गाळणं माझ्या हातात तसंच राहिलं.

"म्हंजे? त्या माणसाला मी काय सांगू?"

"सांगा, पोरीला इचारलं न्हाई अजून. इचारल्यावर कळवतो."

"आगं, तुला धाडलं कशाला मी?"

"बघून याला. बघितलं."

आप्पांचा आवाज चढला. सुभेदारांना असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. "काय बघितलंस तिथं? मला बी कळू दे."

आईनं फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "आवं, पोरगी झोपती. आपल्या घरी तिला डोळा लागत न्हवता, मी ऐकायची समदं. हितं पडल्या पडल्या झोपती. मी रोज बघतीया."

पडद्यावर आप्पांच्या मागं म्हैस रेकली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग खाकरून म्हणाले, "जेवती का नीट?"

"जेवती."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि फोन पालथा पडला असावा, कारण पडदा काळा झाला. मी चहाचा कप आईपुढं ठेवला. तिनं एक घोट घेतला. आई म्हणाली, "साखर कमी पडलीया बघ."

निघताना लिम आंटी आईच्या गळ्यात पडल्या. दोघी आपापल्या भाषेत पुष्कळ बोलल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, आणि ह्या वेळी अर्थ लावायचं मनातही आलं नाही.

मी पुढं वर्षभर तिथं राहिले आणि मग आले. कुणी बोलवायला आलं नाही, म्हणून येता आलं. गावी न जाता साताऱ्यात खोली घेतली. काम तेच, पडदा तोच. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. आंटींनी दुकान बंद केलं, त्या आता मुलाकडं सिंगापूरला असतात. त्यांच्या जागी कॉफीचं चकचकीत दुकान झालंय असं कुणीतरी फोटो पाठवून कळवलं. चौकावर काचेचं छप्पर घातलंय. पाऊस आता घरात पडत नसेल. तो फोटो मी आईला दाखवला नाही. कराडच्या त्या माणसाचं लग्न झालं, आणि आप्पांनीच मला ते सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. अजूनही कुणी कुणी सुस्कारे टाकतात. मला झोप लागते.

गेल्या थंडीत, ऊस कारखान्याला गेल्यावर, आईनं घरात जाहीर केलं की गुहागरला जायचंय, चार दिवस. आप्पा म्हणे आधी हसले. मग तिनं भरलेली पिशवी त्यांनी बघितली आणि मुकाट्यानं स्वेटर काढून दिला. साताऱ्याच्या स्टँडवर त्यांना गाडी बदलायची होती, म्हणून मी भेटायला गेले. आई चौकशीच्या खिडकीशी उभी राहून कंट्रोलरला गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारत होती. आप्पा ताठ उभे, दोन्ही हातांत पिशव्या. सगळा देश फिरलेला तो माणूस दर गाडीकडं बघून मला विचारत होता, "ही का?" मी म्हणत होते, "आईला माहीत."

गाडी लागली. आई गर्दीतून पुढं होऊन चढली आणि खिडकीशी बसली. आप्पांनी पिशव्या वर लावल्या आणि तिच्या शेजारी अंग चोरून टेकले. मी खाली उभी. इंजिन सुरू झालं. आप्पा कुजबुजत्या आवाजात बोलले, पण त्यांची कुजबुजसुद्धा परेडची. मला स्पष्ट ऐकू आलं.

"आगं, उतरायचं कुठं, ठावं हाय न्हवं तुला?"

आईनं खिडकीची काच सरकवली, मला हात केला आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "बसा निवांत. आलं की सांगते."

आप्पांनी मान हलवली, आणि खरोखरच निवांत बसले.